सासूबाईंना पबमध्ये न्यावं का?

प्रश्न : ताई, आमची मुलगी इंग्लंडात ब्रायटनला शिकते. जूनमध्ये आम्ही दोघं आणि सासूबाई तिच्याकडे जाणार आहोत. ती म्हणते, तिथे संध्याकाळी सगळे समुद्राकाठच्या पबमध्ये बाहेर बसतात, आपणही बसू. सासूबाई ७४ वर्षांच्या, शुद्ध शाकाहारी, कायम साडीत, गुडघे दुखतात. दारूचं नाव काढलेलंही त्यांना चालत नाही. त्यांना घरी ठेवून जावं का?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : मुळीच ठेवू नका. एवढा विमानप्रवास करून गेलेल्या बाईने जूनमधली संध्याकाळ खोलीत काढायची? तिथे त्या दिवसांत सूर्य मावळायला सव्वानऊ वाजतात. माझा भाऊ ब्रायटनला असतो. मी त्याच्याकडे उन्हाळ्यात राहून येते, आणि आईही माझ्याबरोबर आलेली आहे. तिने जन्मात दारूचा थेंब घेतला नाही, पण पबच्या अंगणात तिच्याइतकं रमलेलं मी कुणाला पाहिलं नाही.

आपल्याकडची काळ्या काचांची परमिट रूम डोळ्यांपुढून काढून टाका. गंगापूर धरणाच्या बाजूला वायनरीत बाहेर बसलेली कुटुंबं तुम्ही पाहिली असतील, त्याच्या जवळ जाणारं हे चित्र आहे. पेपर वाचणारे आजोबा, बाबागाडीतली बाळं, टेबलाखाली झोपलेली कुत्री. (कुत्र्यांचं सासूबाईंना आधीच सांगून ठेवा.) तुमच्या पेल्यात काय आहे, हे कुणी बघत नाही.

आता जागेचं. मुलगी तुम्हाला किंग्ज रोडखालच्या कमानींपाशी नेईल. तिथे ‘फॉर्च्युन ऑफ वॉर’सारखे पब किनाऱ्याला अगदी लागून आहेत. एकदा जरूर जा, पण दुपारी आणि वारा पडलेला असताना. ब्रायटनचा किनारा दक्षिणेकडे तोंड करून आहे आणि वारा बहुतेक वेळा नैऋत्येचा, म्हणजे सरळ अंगावर येणारा. जूनमध्ये भर दुपारीही पारा वीसच्या आसपास असतो. संध्याकाळी त्या टेबलावर शाल पुरत नाही. बरं, ज्या सूर्यास्तासाठी आपण वारा सोसायला तयार असतो, तो उन्हाळ्यात तिथे समुद्रात होतच नाही. गणपतीपुळ्यासारखा सूर्य पाण्यात बुडेल असं सासूबाईंना सांगू नका. जूनमध्ये तो वायव्येला, जमिनीच्या बाजूला मावळतो. किनाऱ्यावरही वाळू नाही, गोटे आहेत. दुखऱ्या गुडघ्यांनी त्यावरून चालणं अवघड.

म्हणून माझं ठाम मत : समुद्र वरच्या रस्त्यावरून फिरत पाहावा आणि बसायला गावात यावं. ‘द लेन्स’ नावाच्या जुन्या अरुंद गल्ल्या किनाऱ्यापासून चालत काही मिनिटांवर आहेत. तिथल्या ब्रायटन प्लेस चौकात पबची टेबलं बाहेर मांडलेली असतात आणि भोवतालच्या इमारती वारा अडवतात. किंवा मागे भिंतींच्या आत बाग असलेला पब मुलीला शोधायला सांगा. म्हाताऱ्या माणसाला समुद्र दिसण्यापेक्षा पाठीला ऊब लागणं महत्त्वाचं.

बसायचं कसं, हा खरा प्रश्न. बाहेरची टेबलं बहुधा लाकडी, त्यांना दोन्ही बाजूंनी बाकं जोडलेली. आत शिरायला फळीवरून पाय टाकावा लागतो. साडीत आणि त्या गुडघ्यांनी ते व्हायचं नाही, आणि तरुण मंडळींच्या हे लक्षातच येत नाही. पबच्या आतून एक सुटी खुर्ची मागा आणि टेबलाच्या टोकाला मांडा. मागितली की देतात. टॉयलेट कुठे आहे, हेही बसण्याआधी विचारा. जुन्या पबमध्ये ते बरेचदा तळघरात नाहीतर वरच्या मजल्यावर असतं आणि जिना अरुंद असतो. इंग्लंडात जुलै २००७ पासून बंद जागेत सिगारेट ओढायला बंदी आहे, त्यामुळे ओढणारे सगळे बाहेर येतात. अॅशट्रे असलेल्या टेबलापासून लांब बसा.

ऑर्डर बहुधा काउंटरवर जाऊन द्यायची. टेबलाचा नंबर लक्षात ठेवा, पैसे तिथेच द्या. सासूबाईंसाठी एल्डरफ्लॉवरचं सरबत सोड्यात मागवा. पांढऱ्या रानफुलांचं असतं, माझ्या आईला फार आवडलं. लाइम-सोडा तर कुठेही मिळतो. दोन नावं मात्र त्यांच्या हाती जाऊ देऊ नका. सायडर हा तिथे सफरचंदाचा रस नव्हे, ती दारू आहे. आणि शँडीत लिंबाच्या सोड्याबरोबर बिअर असते.

चिप्स दिसायला निरुपद्रवी, पण काही ठिकाणी त्या मासे तळलेल्याच तेलात तळतात, काही ठिकाणी गाईच्या चरबीत. दर वेळी विचारा, संकोच करू नका. कोणत्या पदार्थात काय आहे असं विचारणारी गिऱ्हाइकं त्यांना रोज भेटतात. चिप्स आल्या की सीगलही येतात, सरळ हातातून पळवतात. कॉर्नवॉलमध्ये अभ्यासकांनी करून पाहिलं (२०१९) : माणूस टक लावून बघत असेल तर हे पक्षी खाण्याजवळ यायला जास्त वेळ घेतात. हे काम सासूबाईंना द्या. माझ्या आईची नजर चुकवून एकाही सीगलला चिप्स मिळाल्या नाहीत.

प्रश्न : आम्ही तिथेच डिसेंबरात जाणार आहोत. बाहेर बसता येतं का? मुलगा १६ वर्षांचा आहे, त्याला आत घेतात का?
— पंचवटीतून एक वाचक

उत्तर : येतं, पण दुपारी. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि तेव्हा मात्र नैऋत्येला, समुद्राच्या बाजूला. त्याच वेळी पॅलेस पिअरवर, म्हणजे समुद्रात आत गेलेल्या जुन्या धक्क्यावर, साळुंक्यांच्या कुळातल्या स्टार्लिंग पक्ष्यांचे प्रचंड थवे रात्रीच्या मुक्कामाला येतात. तीनलाच किनाऱ्यावर पोचा. जाड मोजे, कानटोपी घ्या.

मुलाला आईवडिलांबरोबर बहुतेक पबमध्ये घेतात, संध्याकाळचे नियम प्रत्येकाचे वेगळे. १६-१७ वर्षांच्या मुलाला जेवणाबरोबर, मोठ्यांनी विकत घेतलेली बिअर पिण्याची तिथला कायदा मुभा देतो. माझा विचाराल तर देऊ नका. आपल्या राज्यात बिअरलाही २१ वर्षं लागतात. आणि तुमच्यापैकी कुणी पंचविशीच्या आतलं दिसत असेल तर काउंटरवर वयाचा पुरावा मागतात. मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, मोबाइलमधला फोटो चालेलच असं नाही.