लक्सरचा एक दिवस आणि न मिळालेले तिकीट

तुमचा प्रश्न वाचताना एका वाक्यापाशी थांबले: "सर्व प्रवेशशुल्क समाविष्ट आहे आणि राजांच्या दरीतली तीन उत्तम थडगी दाखवली जातील, असे कंपनीने कळवले आहे." हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, दोन वर्षांपूर्वी मलाही लिहून मिळाले होते. तुम्ही डिसेंबरअखेरच्या सुट्टीत सासूबाईंना घेऊन इजिप्तला निघाला आहात, त्यांचे वय 68 आहे, गुडघे दुखतात, आणि सहा दिवसांच्या सहलीत लक्सरच्या, म्हणजे प्राचीन राजांच्या थडग्यांची ही दरी ज्या शहराजवळ आहे त्याच्या, वाट्याला समुद्रकाठच्या हुरघाडाहून बसने जाऊन येण्याचा एकच दिवस आला आहे. तो पुरेल का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते पुरणार नाही. मात्र दिवस वाढवणे तुम्हाला शक्य नसेल, तरी पुढे जे लिहिते आहे ते निघण्यापूर्वी जरूर करा, कारण आमचे नुकसान दिवस कमी पडल्याने जेवढे झाले, त्याहून अधिक एका साध्या गोष्टीची खात्री करून न घेतल्याने झाले.

मी पर्यटन व्यवसायातली नाही आणि लक्सरला एकदाच गेले आहे, जानेवारी 2024 मध्ये. तिकिटांचे दर, उघडी असलेली थडगी आणि खिडक्यांवरचे नियम तिथे बदलत राहतात, म्हणून मी आकडे देत नाही. व्हिसा, विमान आणि हॉटेल यांची माहिती तुम्ही काढलीच असेल, त्यामुळे तेही सोडून देते.

माझ्यासोबत माझे वडील होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षे चित्रकला शिकवली. लहान चित्रावर चौकटी आखायच्या, कागदावर तेवढ्याच मोठ्या चौकटी आखायच्या आणि एकेक चौकट पाहत चित्र मोठे करायचे, ही पद्धत त्यांनी शेकडो मुलांच्या हातात बसवली. प्राचीन इजिप्तचे चित्रकारही भिंतीवर चौकटी आखूनच काम करत आणि उभ्या माणसाची उंची तळपायापासून कपाळावरच्या केसांच्या रेषेपर्यंत अठरा चौकटींत बसवत, हे त्यांनी कुठेतरी वाचले होते, आणि तेव्हापासून त्यांना पहिल्या सेती या राजाचे थडगे पाहायचे होते. इटालियन शोधक बेल्झोनीला 1817 मध्ये सापडलेले हे थडगे राजांच्या दरीतल्या सर्वांत लांब आणि खोल थडग्यांपैकी एक आहे. त्यात एक दालन असे आहे की ज्याच्या भिंतींवर कोरीवकाम झालेच नाही, फक्त रेखाटने राहिली आहेत: आधी तांबड्या रंगाचा कच्चा आराखडा आणि त्यावर काळ्या शाईने ओढलेली पक्की, दुरुस्त केलेली रेघ. अण्णांना सोने पाहायचे नव्हते, ममीही पाहायची नव्हती. सव्वातीन हजार वर्षांपूर्वी कोणा एका चित्रकाराने दुसऱ्याची रेघ कशी दुरुस्त केली, एवढेच त्यांना जवळून पाहायचे होते.

म्हणून सहल ठरवताना मी कंपनीला दोनदा लिहून विचारले की पहिल्या सेतीचे थडगे कार्यक्रमात आहे का. पहिल्या वेळी "तीन उत्तम थडगी समाविष्ट आहेत" असे उत्तर आले. दुसऱ्या वेळी कार्यालयातून फोन आला आणि "मॅडम, सगळे समाविष्ट आहे, तुम्ही काळजी करू नका, हातखर्चाला थोडे डॉलर ठेवा म्हणजे झाले," असे सांगितले गेले. मी त्यावर विसंबले. खरी गोष्ट अशी आहे की राजांच्या दरीच्या सर्वसाधारण तिकिटात त्या दिवशी उघड्या असलेल्यांपैकी तीन थडगी पाहता येतात, परंतु तुतानखामुन, पहिला सेती आणि पाचवा-सहावा रामसेस (या दोघांचे थडगे एकच आहे) यांच्या थडग्यांची तिकिटे स्वतंत्र आहेत आणि सेतीचे तर मूळ तिकिटाच्या कितीतरी पट महाग आहे. "सर्व प्रवेशशुल्क" या शब्दांत ती बसत नाहीत. ज्या कार्यालयाचा रोजचा व्यवसायच हा आहे, त्याला हे ठाऊक नसेल असे मी मानायला तयार नाही.

दरीत पोहोचल्यावर गाईडने आम्हाला दीड तास दिला. गाईडला थडग्याच्या आत बोलण्याची परवानगी नसते, त्यामुळे पहिली वीस मिनिटे बाहेर उभ्यानेच माहिती ऐकण्यात गेली. नंतर मी सेतीच्या तिकिटाचे विचारले, तेव्हा ते खिडकीवर वेगळे काढावे लागेल असे कळले. खिडकीवर डॉलर पुढे केले, ते घेतले नाहीत. इजिप्ती पौंड पुढे केले, तेही घेतले नाहीत. फक्त कार्ड चालते, असे आतल्या माणसाने शांतपणे सांगितले. मी कार्ड दिले. त्याने ते यंत्रात घातले, थोडे थांबून बाहेर काढले, पुसले, पुन्हा घातले आणि यंत्राचा पडदा माझ्याकडे वळवून दाखवला. व्यवहार नाकारला गेला होता. दुसऱ्या बँकेच्या कार्डाचेही तेच झाले. पाठीमागे रांग वाढत होती.

याचे कारण मला त्या रात्री हॉटेलात समजले. रिझर्व्ह बँकेच्या 2020 मध्ये लागू झालेल्या नियमानुसार आपल्याकडे नवे किंवा नूतनीकरण केलेले कार्ड फक्त देशांतर्गत वापरासाठी सुरू करून दिले जाते. परदेशातला वापर ग्राहकाने स्वतः सुरू करून घ्यावा लागतो. माझे जुने कार्ड सिंगापूरला व्यवस्थित चालले होते, म्हणून ते चालेल असे मी गृहीत धरले. पण दोन महिन्यांपूर्वी त्याची मुदत संपून नवे कार्ड घरी आले होते, आणि त्या नव्या कार्डाचा परदेशी वापर बंद होता. दुसरे कार्ड तर मी कधीच परदेशात वापरलेले नव्हते. दरीत माझ्या फोनला इंटरनेट नव्हते आणि कार्डाच्या पाठीवरचा बँकेचा निःशुल्क क्रमांक तिथून लागत नव्हता. शेवटी आमच्या गाईडने स्वतःचे कार्ड वापरून तिकीट काढायची आणि त्याबदल्यात माझ्याकडून रोख घ्यायची तयारी दाखवली. त्याचे मी आजही आभार मानते, पण तोवर बस निघायला पंधरा मिनिटे उरली होती आणि सेतीच्या थडग्यात उतरून वर यायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. अण्णा सावलीतल्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसले होते. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी काही विचारले नाही. "चल, निदान ही तीन तरी नीट बघू," एवढेच म्हणाले. त्या पंधरा मिनिटांत आमचे एकच थडगे पाहून झाले.

यानंतर बस कुठे थांबली, हे तुम्हाला सांगितलेच पाहिजे. पश्चिम काठावर अलाबास्टर दगडाच्या वस्तूंची दुकाने आहेत. अशा एका दुकानासमोर आमची बस पन्नास मिनिटे थांबली. सेतीसाठी नसलेला वेळ तिथे होता. अण्णांनी त्या दगडाचा एक पातळ दिवा हातात घेऊन उजेडाकडे धरला आणि मला म्हणाले, सेतीची दगडी शवपेटी याच दगडाची होती ना? तीच होती. ती आता लंडनच्या सर जॉन सोन संग्रहालयात आहे. मला त्या दुकानात फार वेळ उभे राहवले नाही. परतल्यावर मी कंपनीकडे लेखी तक्रार केली, तेव्हा तीन आठवड्यांनी उत्तर आले की विशेष थडगी ऐच्छिक असून पत्रकाच्या शेवटच्या पानावर तशी सूचना होती. सूचना खरोखरच होती. दोनदा नाव घेऊन विचारल्यावरही ती मला का सांगितली नाही, याचे उत्तर मात्र मिळाले नाही.

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते, की "समाविष्ट आहे का" असे विचारूच नका. ज्या ज्या जागी जायचे आहे त्यांची नावे लिहा, प्रत्येक नावापुढे तिकीट कोण काढणार आणि तिथे किती मिनिटे मिळणार हे लिहून मागा, आणि दिवसात किती दुकानांपाशी बस थांबणार हेही विचारा. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डे न्या, दोन्हींचा परदेशी वापर बँकेच्या ॲपमधून घरीच सुरू करा आणि परदेशातल्या व्यवहारांची दैनंदिन मर्यादा शून्यावर नाही ना, तेही पाहा, कारण काही ॲपमध्ये वापर सुरू केला तरी मर्यादा वेगळी भरावी लागते. मी हे हॉटेलच्या वायफायवर केले, तेव्हा दोन मिनिटेही लागली नाहीत.

आता सासूबाईंविषयी. सेतीचे थडगे मला कितीही प्रिय असले तरी त्यांना तिथे नेऊ नका. पायऱ्या पुष्कळ आहेत आणि उतरलेले सगळे पुन्हा चढावे लागते. मर्नेप्ताहचे थडगेही तसेच खोल आहे, आणि तिसऱ्या थुतमोसच्या थडग्यासाठी तर आधी कड्यातला लोखंडी जिना चढून मग आत उतरावे लागते. चौथ्या रामसेसचे थडगे त्यांच्यासाठी योग्य वाटते: रुंद, जवळजवळ सरळ जाणारा मार्ग, सौम्य उतार आणि रंग भरपूर. स्वतंत्र तिकीट काढणार असाल तर पाचव्या-सहाव्या रामसेसचे काढा. तिथला उतारही बेताचा आहे आणि छतावर आकाशदेवी नूत दोनदा, पाठीला पाठ लावून, लांबच लांब पसरलेली आहे. तुतानखामुनचे थडगे 1922 मधल्या शोधामुळे जगप्रसिद्ध झाले, पण ते लहान आहे, चित्रे केवळ एका दालनात आहेत आणि त्यातला खजिना कैरोजवळ गिझाला आहे. एकच जादा तिकीट परवडणार असेल तर मी ते सोडून देईन. हे माझे मत आहे, पुष्कळांना ते पटणार नाही. प्रवेशद्वारापासून थडग्यांपर्यंत विजेवरची छोटी गाडी असते, ती नक्की घ्या.

हुरघाडाहून रस्त्याने साधारण चार तास लागतात, म्हणजे तुमची बस इतर सगळ्या बसगाड्यांबरोबर ऐन गर्दीच्या वेळी दरीत पोहोचेल. दरी सकाळी सहाला उघडते. एक रात्र जरी लक्सरला राहता आले, तरी पहाटे तिथे जाता येते आणि संध्याकाळी दिव्यांच्या प्रकाशात लक्सरचे मंदिर पाहता येते, जे शहराच्या मधोमध, अगदी नदीकाठी आहे. कर्नाकच्या मंदिराच्या सभामंडपात 134 खांब आहेत. तिथे सासूबाईंना घाईने चालवू नका, एखाद्या खांबाच्या बुंध्याशी बसू द्या. हॅत्शेप्सुत राणीच्या मंदिराचे चढ उन्हात फार लांब वाटतात, त्यापेक्षा मेदिनेत हाबूचे मंदिर सपाट आणि निवांत आहे, आणि छताखालचे रंग अजून टिकून आहेत. डिसेंबरात पहाटे चांगली थंडी असते, तेव्हा शाल हाताशी ठेवा. त्या शाकाहारी असतील तर फूल (बाकल्याच्या दाण्यांची उसळ), तामिया (त्याच दाण्यांचे वडे) आणि कोशरी (भात, मसूर आणि पास्ता) ही नावे लक्षात ठेवा. अण्णांचे सारे दिवस त्यावर उत्तम निघाले.

आमचा लक्सरला एक मुक्काम होता, आणि दुसऱ्या दिवशी बस साडेनऊला सुटणार होती. दरीपर्यंत जाऊन, मूळ तिकीट पुन्हा काढून, सेतीच्या थडग्यातून वेळेत परत येणे होणार नाही, असे हॉटेलच्या माणसाने सांगितले. त्याऐवजी त्याने रामोसचे थडगे सुचवले, जे दरीच्या अलीकडे, सरदारांच्या थडग्यांमध्ये आहे. उजाडताना आम्ही फेरीबोटीने नाईल ओलांडली आणि पलीकडे टॅक्सी केली. तिथेही एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे: आम्ही गेलो तेव्हा या थडग्यांचे तिकीट थडग्यापाशी मिळत नव्हते, मेम्नॉनच्या दोन भव्य पुतळ्यांच्या पुढे असलेल्या कार्यालयातून ते आधी काढून न्यावे लागले. या वेळी कार्ड चालले.

रामोस हा तिसऱ्या आमेनहोतेपचा आणि त्यानंतर अखेनातेनचा वजीर. त्याचे थडगे अपुरे राहिले. एका भिंतीवर अखेनातेन आणि त्याची राणी नेफर्तिती सज्जात उभे आहेत. काही भाग कोरून झालेला आहे आणि काही भाग केवळ काळ्या रेघेत उभा आहे. अण्णा त्या भिंतीपुढे वीस मिनिटे उभे होते. छिन्नी जिथे थांबली आणि पुढे नुसती रेघ सुरू झाली, त्या जागेसमोर त्यांनी बोट धरले, भिंतीपासून वीतभर दूर, आणि हवेतच त्या रेघेवरून सावकाश फिरवले. मग मला म्हणाले, "हात उचललेला नाही बघ, एका दमात ओढली आहे."

अण्णा आता 75 वर्षांचे आहेत. पुढच्या जानेवारीत आम्ही पुन्हा जाणार आहोत, या वेळी कोणत्याही कंपनीशिवाय, तीन रात्री फक्त लक्सरला आणि त्याही पश्चिम काठावर. तुमच्या कंपनीकडून थडग्यांच्या नावांसह उत्तर आले की कळवा. त्यातली सासूबाईंना झेपतील ती कोणती, हे मला जेवढे ठाऊक आहे तेवढे सांगेन.