घरच्या ओल्या कचऱ्याचं गांडूळखत परसातल्या भाजीला चालेल का? त्यात रोगजंतू राहतात का?

चालेल, पण खत पुरतं मुरलेलं हवं. गांडुळांचा ढीग तापू देता येत नाही. 35 अंशांच्या वर ती मरायला लागतात. साल्मोनेला, ई. कोलाय मारणारी 55 अंशांची उष्णता तिथे मिळतच नाही. तरी हे जंतू बरेच घटतात, कारण काही गांडुळाच्या आतड्यात मरतात आणि उरलेले ढिगातल्या इतर सूक्ष्मजीवांपुढे टिकत नाहीत. मात्र घटणं म्हणजे नाहीसं होणं नव्हे.

म्हणून आत काय जातं ते महत्त्वाचं. आपल्याकडे रोज मासळी, पण तिची आतडी, खवले, कोळंबीची सालं गांडुळांना देऊ नका. ढीग कुजून घाण सुटते, माश्या आणि उंदीर येतात. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) पसरतो, आणि कोकणात पावसाळ्यात त्याची भीती खरी आहे. ढिगात हात घालताना रबरी हातमोजे घालाच, विशेषतः हाताला जखम असेल तर. मासळीचा हा कचरा माडाच्या मुळाशी खोल पुरा.

शेणही ताजं नको, पंधरा दिवस जुनं घ्या. तळाला नारळाची सोडणं, वर पातेरा (सुका पालापाचोळा) आणि छप्पर. पावसाचं पाणी साचलं की हवा संपते, गांडुळं पळतात. खत काळं, भुसभुशीत, मातीच्या वासाचं झालं की काढा. कोथिंबीर, मुळा, काकडी कच्ची खाणार असाल तर खत पेरणीआधीच मातीत मिसळा, उभ्या पानांवर टाकू नका.