मैफलीच्या दिवशी रियाज किती?

प्रश्न : संध्याकाळी मैफल असली, की मी सकाळी दोन तास गाऊन घेतो, रंगमंचावर मात्र आवाज थकलेला लागतो. काय चुकते? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : त्या दिवशी आवाज कमवायचा नसतो, राखायचा असतो. सकाळी अर्धा तास खर्जात, म्हणजे खालच्या सुरांत, स्थिर राहावे; तार सप्तक (वरचे सूर) आणि ताना (द्रुत स्वरमालिका) संध्याकाळसाठी ठेवाव्यात. खरा वेळ तंबोऱ्याला द्या. खानापूरकडच्या पावसाळी हवेत भोपळा आणि लाकूड ओल धरतात, घरी जुळवलेल्या तारा सभागृहात हललेल्या आढळतात. म्हणून तासभर आधी पोहोचून, वाद्य तिथल्या हवेत स्थिरावू देऊन, मग घोडीवरचा (तारा टेकतात त्या पट्टीवरचा) जवारीचा, म्हणजे तारेला गुंजन देणारा, दोरा केसभर सरकवत षड्ज (सा) मोकळा बोलेपर्यंत ते लावावे. त्यानंतर बोलणे कटाक्षाने टाळा. भेटायला आलेल्या स्नेह्यांशी गप्पा मैफलीनंतरच.