सहा पेडल्स, एक ॲम्प : क्रम लावताना काय ऐकावे

तुम्ही एकाच संदेशात चार गोष्टी विचारल्या आहेत आणि त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्याकडे गिटारचा आवाज बदलणारी, पायाने चालू-बंद करायची सहा पेडल्स आहेत : बफर (सिग्नल भक्कम करणारे सर्किट) असलेला ट्यूनर, वाह (पायाने झुलवून आवाज ‘वा-वा’ असा उघडझाप करणारे), जर्मेनियम ट्रान्झिस्टरचे फझ (आवाज दाट, खरखरीत करणारे), ट्यूब स्क्रीमर या प्रसिद्ध पेडलच्या जातीचे ओव्हरड्राइव्ह, ॲनालॉग कोरस आणि पंधरा दिवसांपूर्वी घेतलेले डिजिटल डिले. बोर्डवर ट्यूनरच्या शेजारी जागा मोकळी होती म्हणून डिले तिथे बसले, बाकीची पेडल्स ज्या क्रमाने घेतली त्या क्रमाने पुढे लागली आणि फझ सर्वांत शेवटी आले. आता फझ कर्कश वाजते आणि गिटारचा व्हॉल्यूम उतरवला तरी निवळत नाही, ओव्हरड्राइव्ह चालू असताना डिले लावले की आवाजाचा चिखल होतो, मागे एक बारीक शिट्टी सतत वाजत राहते, आणि नव्या डिलेचे अप्रूप इतक्यात ओसरून आता रिव्हर्ब (खोलीसारखा घुमारा देणारे पेडल) घ्यावेसे वाटू लागले आहे.

सहा पेडल्स ७२० प्रकारे लावता येतात. ते सगळे प्रकार करून पाहण्याची गरज नाही, कारण प्रत्येक पेडलपाशी थांबून ‘याच्या तोंडाशी काय येते आणि हे त्याचे काय करते’ एवढा एकच प्रश्न विचारला तरी बहुतेक क्रम आपोआप गळून पडतात. इंटरनेटवर दिसणारा ठरीव तक्ता पाठ करण्यापेक्षा हा प्रश्न विचारण्याची सवय लावून घेतलेली बरी, कारण तक्त्यात तुमचे नेमके फझ आणि तुमचा नेमका ट्यूनर नसतो.

डिलेचा चिखल आधी घेऊ. डिले आलेल्या आवाजाची प्रत काढते आणि ठरावीक वेळाने ती मूळ आवाजात मिसळते. ओव्हरड्राइव्ह आलेल्या लहरींची टोके कापते आणि त्यातून नवे स्वर निर्माण करते. तुमच्या जोडणीत डिले आधी असल्यामुळे तुम्ही सी मेजर वाजवून एफ मेजरवर गेलात की मागे राहिलेला सी आणि आत्ताचा एफ असे दोन्ही कॉर्ड एकत्र ओव्हरड्राइव्हमध्ये शिरतात, तिथे एकमेकांवर आदळतात आणि दोहोंपैकी कशातही नसलेले स्वर बाहेर पडतात. शिवाय ओव्हरड्राइव्ह मोठा आवाज दाबते आणि लहान आवाज त्या मानाने वर आणते, त्यामुळे जे पडसाद हळूहळू विरायला हवेत ते विरतच नाहीत. डिले ओव्हरड्राइव्हच्या नंतर ठेवा, म्हणजे एकदा घडून तयार झालेल्या आवाजाची प्रत निघेल आणि प्रत्येक पडसाद आधीच्यापेक्षा स्वच्छपणे मंद होत जाईल. उलटा क्रम मुद्दाम वापरणारे वादकही आहेत, कारण त्यांना तो धूसर, गढूळ आवाजच हवा असतो. पण तो हवा म्हणून घेणे वेगळे आणि जागा मोकळी होती म्हणून पदरी पडणे वेगळे.

आता फझ. याविषयी थोडे अधिक लिहितो, कारण या एका पेडलपायी मी स्वतः दोन महिने घालवले आहेत. माझेही फझ जर्मेनियमचे होते आणि तेही ट्यूनरच्या नंतर लावलेले होते. आवाज पत्र्यावर खिळा ओढावा तसा येत असे. पेडल बिघडलेले आहे अशी माझी खात्री झाली आणि परत करायचे म्हणून मी ते खोक्यात भरलेसुद्धा. निघण्यापूर्वी शेवटचे म्हणून गिटारची केबल थेट त्यात लावली, आणि पहिल्याच स्वराला हात थांबला. आवाज भरदार आणि मऊ होता, गिटारचा व्हॉल्यूम दहावरून सातवर आणला तसा तो निवळत गेला आणि पाचवर तर जवळजवळ स्वच्छ, चमकदार झाला. पेडलमध्ये काहीही दोष नव्हता.

कारण असे की १९६६ साली आलेल्या फझ फेसच्या घराण्यातल्या या पेडल्सचा इनपुट इम्पीडन्स (आलेल्या सिग्नलला होणारा विद्युत विरोध) फार कमी असतो. गिटारचा पिकअप (तारांच्या कंपनाचा सिग्नल बनवणारा भाग) म्हणजे तारेचे वेटोळे. ते थेट फझला जोडले की वेटोळे आणि फझ मिळून एकच सर्किट तयार होते, पिकअपवर भार पडून आवाजाची तार बाजू (उंच स्वर) मवाळ होते, आणि गिटारचा व्हॉल्यूम फिरवला की त्या सर्किटचा स्वभावच बदलतो. मध्ये बफर आला की हे नाते तुटते. लांब केबलमधून तार बाजू हरवू नये यासाठी सिग्नल भक्कम करून पुढे पाठवणे हे बफरचे काम, आणि इतरत्र ते अतिशय उपयोगी आहे; पण या फझला तो भक्कम सिग्नल सोसत नाही. तुमचे फझ तर ट्यूनरबरोबर आणखी चार पेडल्सच्या मागे आहे. ते गिटारच्या लगेच पुढे आणा, त्याचा फझ नॉब पूर्ण वर ठेवा आणि पुढचे सगळे काम गिटारच्या व्हॉल्यूमवर सोपवा. सिलिकॉनच्या फझलाही साधारण हेच लागू पडते. जर्मेनियम मात्र उष्णतेला हळवे असते, म्हणून मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या कार्यक्रमात ते वेगळे वाजले तर घाबरू नका, सावलीत ठेवा.

मग ट्यूनर कुठे ठेवायचा, हा प्रश्न येतो. फझ आणि वाहच्या नंतर. स्वर लावताना फझ बंद असतेच, त्यामुळे ट्यूनरला गिटार नीट ऐकू येते, आणि ट्यूनरने आवाज बंद केला की फझची सळसळही त्याबरोबर बंद होते. त्यातला बफर तिथून पुढच्या सगळ्या पेडल्सना आणि ॲम्पपर्यंतच्या केबलला सांभाळतो. गिटार केबलमध्ये दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धारकता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) असते, आणि तिच्यामुळेच तार बाजू हरवते. पिकअपला पहिल्या बफरपर्यंत जेवढी केबल ओढावी लागते तेवढाच तोटा होतो, पुढची दहा मीटर त्याच्या खिजगणतीत नसतात. म्हणून चांगल्या केबलवर पैसे घालायचे तर गिटारपासून बोर्डपर्यंतच्या केबलवर घाला.

वाह फझच्या आधी की नंतर, यावर वादकांत जुने मतभेद आहेत. आधी ठेवले तर वाह ज्या स्वरपट्ट्यावर जोर देते त्याला फझ फुलवते, आणि बोलल्यासारखा आवाज येतो. मात्र जुन्या धाटणीचे वाह थेट अशा फझला जोडले की त्याचा झोका आखडतो, कधी कधी किंचाळीही ऐकू येते. तुमचे वाह त्याच धाटणीचे दिसते, म्हणून फझ आधी आणि वाह नंतर असे सुरू करा. फझमधून आलेल्या दाट आवाजावर वाहची धार अधिक तीक्ष्ण वाटेल. ती जाचली तर अदलाबदल करून पाहा.

ओव्हरड्राइव्ह ट्यूनरच्या पुढे. १९७९च्या सुमारास आलेल्या ट्यूब स्क्रीमरची ख्याती त्याच्या मधल्या पट्टीच्या फुगवट्यामुळे आहे. ते खर्ज कापते आणि ७०० हर्ट्झच्या आसपासचा भाग पुढे आणते. घरी एकट्याने वाजवताना हा आवाज चिंचोळा वाटतो आणि बेस व ड्रम्स आले की तोच बरोबर जागेवर बसतो, म्हणून त्याचा निवाडा एकट्याने करू नका. ड्राइव्ह कमी, लेव्हल जास्त ठेवून ते फझच्या मागून लावून पाहा. पसरलेल्या फझला ते बांध घालते.

कोरस त्यानंतर. कोरसमध्ये आवाजाची अगदी थोड्या विलंबाची, स्वर किंचित हेलकावणारी प्रत मूळ आवाजात मिसळते. रोलंड कंपनीच्या जॅझ कोरस ॲम्पमधले हेच सर्किट वेगळे काढून तिच्याच बॉस या ब्रँडने १९७६ साली सीई-१ हे आपले पहिले पेडल काढले. हे हेलकावे ओव्हरड्राइव्हच्या नंतर उठून दिसतात, आधी ठेवले तर आवाजात मुरतात. मुरलेला आवाजही सुंदर असू शकतो. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनचे फेज ९० हे फेजर जातीचे (आवाजाला घोंघावता झोत देणारे) पेडल ॲम्पच्या आधी असे आणि विकृती (आवाजाचे फाटणे, डिस्टॉर्शन) ॲम्पमध्ये होत असे, त्यामुळे फेजरचा झोत वरून चिकटवल्यासारखा वाटत नाही. कोरस आणि ओव्हरड्राइव्हची अदलाबदल म्हणूनच जरूर करून पाहा. यात चूक-बरोबर काही नाही. डिले सर्वांत शेवटी. तुमचा ॲम्प स्वच्छ आवाजावर असतो असे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा इफेक्ट्स लूपची (ॲम्पच्या प्रीॲम्पनंतर पेडल जोडण्याच्या सोयीची) उणीव तुम्हाला भासणार नाही. ॲम्पच्या प्रीॲम्पमधून, म्हणजे सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागातून, विकृती घेतली असती तर डिले लूपमध्ये टाकावे लागले असते.

शिट्टीचे कारण बहुधा वीज आहे. तुम्ही एकाच अडॅप्टरच्या माळेतून सहाही पेडल्सना वीज देत आहात. डिजिटल पेडलच्या आतल्या क्लॉकचा (चिपला ताल देणाऱ्या सर्किटचा) गोंगाट सामाईक तारांतून ओव्हरड्राइव्हपर्यंत पोहोचतो आणि तिथे मोठा होतो. डिले माळेतून काढून त्याला स्वतंत्र अडॅप्टर लावा. शिट्टी गेली तर निदान पक्के झाले. कायमचा उपाय म्हणजे प्रत्येक आउटपुट वेगळे असलेला आयसोलेटेड पावर सप्लाय. तो घेताना व्होल्टेज आणि ध्रुवता पेडलवर छापल्याप्रमाणे तंतोतंत जुळली पाहिजे, बहुतेक ठिकाणी ती ९ व्होल्ट आणि मधले टोक ऋण अशी असते. मिलिअँपियर मात्र पेडलच्या गरजेपेक्षा कितीही जास्त असले तरी चालतात, कारण पेडल लागेल तेवढीच वीज ओढते. फझवर विशेष लक्ष द्या. जर्मेनियमची अनेक फझ पीएनपी या प्रकारच्या ट्रान्झिस्टरची आणि धन बाजू ग्राउंडला असलेली असतात, आणि तसे फझ इतरांच्या माळेत लावले तर शॉर्ट होते. तुमचे तसे असेल तर ते बॅटरीवरच चालवा. त्याला वीज इतकी कमी लागते की एक बॅटरी महिनोन्‌महिने पुरते. शिट्टीऐवजी घुमणारा जाड आवाज असेल आणि गिटारच्या तारांना हात लावला की तो कमी होत असेल, तर खोलीतल्या अर्थिंगची तपासणी वायरमनकडून करून घ्या, कारण जुन्या इमारतींत तीन पिनांच्या सॉकेटला अर्थची तार जोडलेलीच नसते असे अनेकदा आढळते.

राहिला अप्रूप ओसरण्याचा प्रश्न, आणि माझ्या मते हाच महत्त्वाचा आहे. नवे खोके उघडण्याचा आनंद खरा असतो. नव्या रंगाचा वास, नॉबचा घट्टपणा, पहिल्यांदा पेटलेला दिवा, हे सगळे मला आजही आवडते आणि त्याबद्दल कुणी संकोच बाळगू नये. पण तुमचे डिले आल्या दिवसापासून चुकीच्या जागी बसले आहे, ओव्हरड्राइव्हच्या तोंडाशी. म्हणजे तुम्ही त्याचा खरा आवाज अजून ऐकलेलाच नाही. रिव्हर्बचा विचार करण्यापूर्वी एक संध्याकाळ बोर्ड बाजूला ठेवा आणि गिटार, डिले आणि ॲम्प एवढेच जोडा.

मी असे करतो : फोनवर तबल्याचा केरवा मिनिटाला १०० मात्रांवर लावतो. एक मात्रा म्हणजे ६०० मिलिसेकंद. डिलेची वेळ ६०० ठेवली की पडसाद पुढच्या मात्रेवर पडतो आणि ठेक्यात मिसळून जातो. ३०० ठेवली की अर्ध्या मात्रेवर पडतो आणि हात दुप्पट वाजवत असल्याचा भास होतो. मग ४५० ठेवा, म्हणजे पाऊण मात्रा. आता अर्ध्या मात्रेला एक असे साधे, सरळ स्वर छेडा. पडसाद तुमच्या दोन स्वरांच्या बरोबर मधल्या जागी पडू लागतील आणि बोटांनी न वाजवलेली एक गुंफण ऐकू येईल. रिपीट (पडसादांची संख्या) एक-दोनच ठेवा, मिक्स (पडसादाचा आवाज) मूळ आवाजापेक्षा थोडा कमी. माझी पहिली अशी संध्याकाळ जेवण थंड होईपर्यंत चालली होती. मग वेळ १०० मिलिसेकंदांवर आणा आणि रिपीट एकच ठेवा. आवाजाला लहान खोलीत वाजवल्यासारखी गहिराई येते, आणि जी उणीव रिव्हर्बने भरून काढायची होती ती बरीचशी इथेच भरते का ते पाहा. आवडलेल्या जागा कागदी चिकटपट्टीवर लिहून पेडलच्या बाजूला लावा.

दुसऱ्या दिवशी फझ, तिसऱ्या दिवशी वाह, असे एकेक करून बोर्डवर परत आणा आणि प्रत्येक नवे पेडल आल्यावर आधीच्यांचा आवाज बदलला का ते ऐका. बदललाच तर दोष नुकत्याच आलेल्या पेडलमध्ये, त्याच्या पॅच केबलमध्ये किंवा विजेत शोधायचा आहे हे तत्काळ कळते; सहा पेडल्स एकदम जोडली की हा शोध तासन्‌तास चालतो. पावसाळ्यात जॅकवर दमट हवेने थर चढतो आणि खरखर सुरू होते, तेव्हा नवी केबल घेण्यापूर्वी प्लग कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसून पाहा.

रिव्हर्ब पुढे कधी घेतलेच तर ते डिलेच्या नंतर लावा. आणि फझ बॅटरीवर चालवणार असाल तर वाजवून झाल्यावर त्याच्या इनपुटमधली केबल न विसरता काढून ठेवा. अशा बहुतेक पेडल्समध्ये इनपुटचा जॅक हाच विजेचा स्विच असतो, आणि केबल रात्रंदिवस आत राहिली तर बॅटरी विनाकारण उतरत राहते.