सायकलचा पुढचा ब्रेक कोणत्या हाताला असावा, उजव्या की डाव्या?

मोटरसायकलही चालवत असाल तर सरळ उजव्या. तिथे पुढचा ब्रेक उजव्याच हाताला असतो, आणि अचानक कुणी आडवं आलं की हात विचार करत बसत नाही, सवयीचा लिव्हर दाबून मोकळा होतो. बाकीच्यांनी आजवर जी सवय आहे तीच ठेवावी. ब्रिटनमध्ये तो उजवीकडे असतो, अमेरिकेत डावीकडे, थांबतात दोघेही.

वाहतूक डावीकडून असेल तर मात्र उजव्याच्या बाजूने एक चांगला मुद्दा आहे. उजवीकडे वळताना उजवा हात इशाऱ्यासाठी बाहेर जातो, हँडलवर उरतो डावा. एका हाताने पुढचा ब्रेक करकचून दाबला तर हँडल वाकडं होऊन तोल जाऊ शकतो. अशा वेळी डाव्या हातात मागचा ब्रेक असलेला बरा.

‘उजव्या हातात ताकद जास्त’ हे कारण मला फारसं पटत नाही. नीट लावलेल्या ब्रेकला एक-दोन बोटं पुरतात. ताकदीपेक्षा किती दाबायचं याचा अंदाज महत्त्वाचा, कारण ब्रेक लागला की वजन पुढे सरकतं, मागचं चाक हलकं होऊन घसरतं आणि थांबवायचं बरंचसं काम पुढचाच ब्रेक करतो.

बाजू बदलायची असेल तर केबलचे ब्रेक सोपे. हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवून केबल ताणली जात नाही ना, एवढं बघा. हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारे असतील तर ऑइल भरून हवा काढावी लागते, ते मेकॅनिककडेच द्या. आणि सायकल कुणाला चालवायला देताना कोणता ब्रेक कुठे, ते आधी सांगा.