एम-६५ जॅकेट घेताना
पहिले फील्ड जॅकेट, म्हणजे सैनिकांच्या मैदानी वापराच्या धाटणीचे जॅकेट, कमी खर्चात घ्यायचे असेल, तर अमेरिकी लष्कराने 1965 मध्ये स्वीकारलेल्या एम-६५ चे वापरलेले पण अस्सल जॅकेट शोधावे, असे मी आग्रहाने सांगेन. त्याच किमतीच्या नव्या नकलेचे कापड बहुधा पातळ असते, तर अस्सल जॅकेटचे सुती-नायलॉन मिश्र साटीन घट्ट विणीचे असते आणि वारा चांगला अडवते.

आतली चिठ्ठी आवर्जून वाचा. तिच्यावरील कंत्राट क्रमांकात ‘डीएसए १००’ (डीएसए ही अमेरिकी संरक्षण खात्याची पुरवठा संस्था) नंतर येणारे दोन आकडे कंत्राटाचे वर्ष सांगतात, म्हणजे ७० असल्यास 1970. 1977 मध्ये त्या संस्थेचे नाव बदलल्यावर तेथे ‘डीएलए’ ही अक्षरे येतात. चिठ्ठी पुसट झाली असेल तर किंमत उतरवून मागायला हरकत नाही; त्याने जॅकेटच्या उबेत मात्र काहीच फरक पडत नाही. चेन मात्र वरपासून खालपर्यंत दोनदा ओढून पाहा, कारण ती बदलण्याचा खर्च स्वस्ताईवर पाणी फिरवतो. कॉलरमध्ये घडी घालून ठेवलेली टोपी शाबूत आहे का, तेही पाहा.

आत बटणांनी बसणारे अस्तर घालता यावे म्हणून हे जॅकेट मुळातच ऐसपैस बेतलेले असते, त्यामुळे अस्तराविना वापरणार असाल तर नेहमीपेक्षा एक माप लहान घ्यावे.