लोड 18, तरी सीपीयू रिकामा कसा?

प्रश्न : आमच्या लिनक्स सर्व्हरला 8 कोअर आहेत. परवा लोड अ‍ॅव्हरेज 18 वर गेला, पण 'टॉप' कमांडमध्ये सीपीयू 90 टक्के रिकामा दिसत होता. लोड 8 च्या वर गेला की आम्हाला अलर्ट येतो. ही मर्यादा वाढवून 20 करावी का?

उत्तर : मर्यादा वाढवू नका, अलर्ट ज्या मोजमापावर येतो तेच बदला. लिनक्सचा लोड म्हणजे सीपीयूचा वापर नव्हे. चालू असलेल्या आणि सीपीयूच्या रांगेत थांबलेल्या प्रोसेस (सुरू असलेले प्रोग्राम) त्यात असतातच. शिवाय डिस्क किंवा नेटवर्क स्टोरेजची वाट पाहत अडकलेल्या, म्हणजे 'डी' अवस्थेतल्या प्रोसेसही 1993 पासून त्यात मोजल्या जातात. 'जितके कोअर तितका लोड चालतो' हा नियम त्यामुळे इथे लागू पडत नाही. तुमच्या 8 कोअरपैकी 10 टक्केच कामात होते, म्हणजे सीपीयूवर जेमतेम एक प्रोसेस. उरलेल्या सतरा बहुतेक अडकून पडल्या होत्या.

खात्री करायला दर सेकंदाला आकडे दाखवणारी 'व्हीएमस्टॅट 1' ही कमांड चालवा. पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. पुढच्या ओळींत 'आर' (सीपीयूवर किंवा त्याच्या रांगेत असलेल्या प्रोसेस) रकान्यात 1 आणि 'बी' (अडकलेल्या प्रोसेस) मध्ये 17 दिसले, तर सीपीयू निर्दोष आहे. मग पीएस कमांडला 'डब्ल्यूचॅन' हा रकाना मागा. प्रत्येक प्रोसेस कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, कोणत्या फंक्शनमध्ये थांबली आहे ते त्यात कळते. नाव 'आरपीसी' किंवा 'एनएफएस' ने सुरू होत असेल तर दोष नेटवर्क स्टोरेजकडे शोधा.

'डब्ल्यूए', म्हणजे सीपीयू डिस्कची वाट पाहत रिकामा असल्याचा वेळ, याच्या टक्केवारीवर मात्र विसंबू नका. तो रिकाम्या वेळेचाच एक प्रकार आहे. सीपीयूला दुसरे काम मिळाले की तो आकडा खाली येतो, डिस्क तितकीच संथ असली तरी! या एका आकड्यामुळे डिस्कचा दोष कितीदा तरी नजरेतून सुटतो.

आणखी एक : 1 मिनिटाचा लोड ही सरळ सरासरी नाही. कर्नल साधारण दर 5 सेकंदांनी मोजणी करते आणि जुन्या नोंदींचे वजन हळूहळू घटवत नेते. रिकाम्या मशीनवर एकच प्रोसेस मिनिटभर सलग राबली, तरी आकडा 1 नव्हे, 0.63 च्या आसपास दिसतो. काम थांबल्यावरही तो लगेच शून्यावर येत नाही.

अलर्टसाठी कर्नल 4.20 पासून मिळणारी 'प्रेशर' (पीएसआय) नोंद वापरा; कामे किती वेळ खोळंबली ते ती सांगते. 'प्रॉक' या कर्नलची माहिती देणाऱ्या फोल्डरातल्या प्रेशर फोल्डरात सीपीयू, मेमरी आणि आयओ (डिस्कवरची वाच-लिही) अशा फाइल असतात. 'सम' म्हणजे निदान एक काम खोळंबले होते तो वेळ, 'फुल' म्हणजे हातातली सगळीच कामे एकदम खोळंबली होती तो वेळ. शेवटचा 'टोटल' मायक्रोसेकंदांत असतो. तो 10 सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचा. फरक 20,00,000 आला तर त्यातला 20 टक्के वेळ खोळंब्यात गेला. मेमरीचा 'फुल' सतत शून्याच्या वर राहू लागला की आमच्या मते तेव्हाच हालचाल करावी. फाइल वाचता येत नसेल तर बूटच्या वेळी 'पीएसआय=1' द्या; लिनक्सच्या काही डिस्ट्रोंमध्ये (वितरणांमध्ये) ही सोय बंद ठेवलेली असते.

प्रश्न : कंटेनरला 2 कोअरची मर्यादा आहे. आत लोड 30 दिसतो, सरासरी वापर मर्यादेच्या निम्माच, तरी रिक्वेस्ट रेंगाळतात.

उत्तर : तो 30 सहसा संपूर्ण यजमान मशीनचा असतो, तुमच्या कंटेनरचा नव्हे. कंटेनरच्या मर्यादा सांभाळणाऱ्या सीग्रुपची 'सीपीयू.स्टॅट' फाइल उघडा आणि 'एनआर थ्रॉटल्ड' (कोटा संपल्याने किती वेळा रोखले गेले) वाढतो का ते पाहा. डीफॉल्ट कालखंड 100 मिलिसेकंदांचा, म्हणून 2 कोअरला 200 मिलिसेकंदांचा कोटा मिळतो. आठ थ्रेड (प्रोसेसमधली समांतर चालणारी कामे) एकदम सुटले तर तो 25 मिलिसेकंदांत संपतो आणि उरलेली 75 मिलिसेकंदे सगळे ताटकळतात. सरासरीत हे दिसत नाही. थ्रेड दोनवर आणा. तेवढ्याने भागले नाही तर कोटा वाढवा.